खाऱ्या पाण्याचा बंदोबस्त

मुंबईची एसटी पोलादपूरला थांबली तेव्हा टपावरून आधी एक गोणपाटाचं गाठोडं खाली आलं, त्यामागून कंडक्टरचा आवाज आला आणि सगळ्यांत शेवटी महिपतीनानांचा मुलगा कुशाबा आला. कंडक्टरचं म्हणणं असं की गाठोड्यात लोखंड आहे, आणि पनवेलपासून ते टपावर असं गडगडतंय की खालच्या उतारूंना वर कोणी जातं फिरवत बसलंय असं वाटावं. कुशाबाने त्याला सांगितलं की हे पाण्याखाली श्वास घ्यायचं सामान आहे. कंडक्टरने त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याने मुलाला न्यायला आलेल्या नानांकडे पाहिलं, असा मुलगा पोसणाऱ्या बापाकडे पाहावं तसं, आणि घंटीची दोरी ओढली.

नानांना तो अपमान वाटला. पुढे श्रावणापर्यंत त्यांचे इतके अपमान झाले की हा त्यांतला सर्वांत सौम्य होता हे त्यांना नंतर कळलं.

घरी ओटीवर गाठोडं सोडलं. आतून निघालं ते असं: कमरेएवढं उंच एक लोखंडी नळकांडं, भाकरीएवढा गोल पितळी डबा आणि त्याला पेटीच्या भात्यासारख्या चुण्या असलेल्या दोन रबरी नळ्या, एक काचेचा मुखवटा, आणि बदकाच्या पायांसारखे दोन रबरी पाय. कुशाबा माझगावला एका ठेकेदाराकडे पाणबुड्या होता. गोदीत बुडालेले नांगर, साखळ्या, गाळात रुतलेले पडाव वर काढायचं काम. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, त्यामुळे काम बंद. परदेशातून आणलेले असे दोनच संच ठेकेदाराकडे होते, आणि त्यांतला एक त्याने कुशाबाच्या हवाली केला होता. पावसाळाभर नीट सांभाळ, नारळी पौर्णिमेनंतर पहिली बुडी तुझी, असं सांगून.

आता हे मुंबईत का सांभाळायचं नाही, तर समुद्राच्या काठी पितळ टिकत नाही. शिवाय चाळीतल्या नळाला सकाळी तासभर पाणी. तेवढ्यात हे धुवायला काढलं तर बायका बादल्या घेऊन अंगावर येतात. म्हणून कुशाबाने शेवटची बुडी झाल्यावर सगळं न धुता, मीठ लागलेलं, तसंच गोणपाटात बांधून गावी आणलं होतं. गावच्या विहिरीचं पाणी गोड, आणि समुद्र कितीतरी मैल लांब.

त्याने वडिलांना एकेक गोष्ट समजावून सांगितली. तीन दिवस गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं, पाणी रोज बदलायचं, मग सावलीत वाळवायचं. ऊन नको, आग नको, तेल तर अजिबात नको. डब्याच्या तोंडावरचं रबरी झाकण काढायचं नाही. नळकांड्यात थोडी हवा मुद्दाम शिल्लक ठेवली आहे, आत ओल जाऊ नये म्हणून, तेव्हा त्याची तोटी फिरवायची नाही. नानांनी हे सगळं एका कागदावर लिहून घेतलं.

"आणि एवढं करूनही मीठ राहिलंच तर?" त्यांनी विचारलं.

कुशाबा पायांवर पाणी घेत होता. "तर चाळीस फुटांवर डबा अडकतो, आबा. हवा पाठीवर असते नि तोंडात येत नाय."

गेल्या वर्षी ज्येष्ठात नानांच्या पत्नी बनुबाई गेल्या. घरात नाना एकटे, आणि जगात त्यांचं म्हणावं असं उरलेलं माणूस चाळीस फूट पाण्याखाली उतरून पोट भरत होतं. पण बोलले ते वेगळंच. ते म्हणाले की मी मुंबईत छापखान्याच्या कोठारावर तीस पावसाळे कागद सांभाळला आणि एक रीम ओली होऊ दिली नाही; त्या मानाने पितळ म्हणजे काहीच नाही. कुशाबाने हे याआधीही ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो मुंबईला परत गेला.

नानांच्या गोठ्यापुढे दगडी डोण होती, जनावरांना पाणी पाजायची. जनावरं नानांनी बनुबाईंच्या मागे देऊन टाकली होती, त्यामुळे डोण रिकामीच. नानांनी विहिरीचं पाणी ओढून ती भरली, सगळा संच आत बुडवला, वर फळी ठेवली, फळीवर दगड ठेवला आणि समाधानाने झोपले. सकाळी उठून पाहतात तर दगड एकीकडे, फळी एकीकडे, आणि राहीबाईंची म्हैस डोणीशी उभी राहून डोळे मिटून एक रबरी पाय चघळत होती.

राहीबाई म्हणजे दगडी गडग्यापलीकडचं घर. बनुबाईंची तीस वर्षांची मैत्रीण आणि शेवटच्या पाच वर्षांची वैरीण. सहा वर्षांपूर्वी राहीबाईंची तांब्याची कळशी नाहीशी झाली आणि ती बनुबाईंनीच नेली, असं राहीबाईंनी पाणवठ्यावर सगळ्यांदेखत सांगितलं होतं. तेव्हापासून कोणताही विषय निघाला की तो तीन वाक्यांत कळशीवर जायचा.

म्हशीला मिठाची चव लागली होती. ती पाय सोडीना. नाना एका बाजूने ओढत होते, म्हैस दुसऱ्या बाजूने ओढत होती, आणि ती वजनाने जास्त होती. आवाज ऐकून राहीबाई आल्या आणि म्हशीचीच बाजू घेऊन बोलू लागल्या. मुकं जनावर, त्याला काय कळतंय, मुंबईची घाण डोणीत घालून ठेवली तर ते तोंड लावणारच. दूध आटलं तर नाना भरून देणार काय.

"तुमच्या म्हशीने माझा डावा पाय खाल्लाय," नाना ओरडले.

रस्त्याने जाणारे दोघंतिघं हे ऐकून थांबले, नानांच्या दोन्ही पायांकडे पाहून घेतलं आणि पुढे गेले.

राहीबाईंनी मग सल्ला दिला. सल्ला त्या भांडण संपायच्या आधीच देत, वेळ वाचवण्यासाठी. "पितळ हाय ना त्ये? मग चिंच लावा, खसाखसा घासा नि पालथं घाला. बनुवैनी काय करायची? तिचा तांब्या बघून घ्या कसा आरशावानी असायचा. माझी कळशीबी तशीच असंल, जिथं असंल तिथं."

नानांनी शांतपणे सांगितलं की हे यंत्र आहे, तांब्या नव्हे.

दुपारी हैबती आला. हैबती पलटणीतून नाईक होऊन निवृत्त झालेला. तीन पदकं, एक पडका दात आणि सरकारच्या वतीने बोलायची सवय, एवढं घेऊन तो गावी आला होता. साल पासष्टचं. कच्छच्या रणात चकमकी झाल्यापासून हैबती रोज आकाशाकडे बघून छत्रीवाले शत्रू मोजत असे. आजवर एकही सापडला नव्हता. डोणीत त्याला ते नळकांडं दिसलं. तो वीस पावलं मागे गेला, पोटावर झोपला आणि तिथूनच त्याने नानांना विचारलं की हे पाण्यात का ठेवलंय. नाना म्हणाले, ठेवावं लागतं.

"म्हणजे तापतंय," हैबती म्हणाला, आणि उठून हवालदारांकडे गेला.

गोमाजी हवालदार सज्जन माणूस. त्यांची एकच अडचण होती. समोर दिसेल त्याचा पंचनामा करायची त्यांना सवय होती, आणि समोर जे होतं त्याला नाव नव्हतं. ओटीवर बसून त्यांनी दोन तास लिहिलं. लोखंडी वस्तू एक, आत काय आहे ते माहीत नाही, मालकाच्या सांगण्याप्रमाणे हवा. इथे ते थांबले. हवा जप्त करता येते का, आणि करता येत नसेल तर नळकांडं जप्त झाल्यावर हवा कोणाच्या ताब्यात राहते, हा प्रश्न त्यांना पडला. शेवटी त्यांनी हवा मालकाच्याच ताब्यात दाखवली. काचेचा मुखवटा एक. रबरी पाय नग दोन, पैकी डावा म्हशीने अंशतः खाल्लेला. म्हशीचं नाव लिहायचं की तिच्या मालकिणीचं, यावर राहीबाईंनी वीस मिनिटं घेतली.

मग त्यांनी सगळं सामान तसंच ओलं गोणपाटात बांधलं, गाठीवर लाख ओतली, शिक्का मारला आणि गाठोडं नानांच्याच ओटीवर ठेवलं. चौकीत ते ठेवलं असतं, पण चौकीत ते स्वतः झोपत.

"पण साहेब, हे अजून दोन दिवस धुवायचंय. आत मीठ आहे," नाना म्हणाले.

"कचेरीतून हुकूम आणा, धुवा," हवालदार म्हणाले.

आता नानांची अवस्था बघण्यासारखी होती. ओटीवर गाठोडं, गाठोड्यात ओला संच, संचावर मीठ, आणि वर सरकारचा शिक्का. ते दिवसातून चार वेळा गोणपाटाला हात लावून बघत. आत पितळ गंजतंय हे त्यांना ऐकू येतं असं त्यांना वाटे. पितळ गंजताना आवाज होत नाही हे त्यांनाही माहीत होतं, पण एकट्या माणसाला घरात बरंच काही ऐकू येतं.

त्यांनी अर्ज लिहिला. विषय: सामान धुण्याची परवानगी मिळणेबाबत. अर्ज घेऊन ते महाडला गेले. पहिल्या टेबलावरच्या कारकुनाने विचारलं की हे शेतीचं अवजार आहे का. नाही म्हटल्यावर त्याने दुसऱ्या टेबलाकडे बोट केलं. दुसऱ्या टेबलाने विचारलं की हे हत्यार आहे का. नाही म्हटल्यावर त्याने तिसरीकडे पाठवलं. तिसरा कारकून भला होता. त्याने अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाला की समुद्राशी संबंधित बाब असल्यामुळे हे अलिबागचं काम, मात्र अर्जदार पोलादपूरचा असल्यामुळे अलिबाग ते घेणार नाही. मग त्याने नानांना खुर्ची दिली आणि खाजगीत विचारलं की पोलादपुरात समुद्र कुठल्या बाजूला आहे.

दुसऱ्या खेपेला तो कारकून शिवथरच्या घळीला दर्शनाला गेला होता. तिसऱ्या खेपेला तो भेटला, पण अर्जाला पंचनाम्याची नक्कल जोडलेली नव्हती. नक्कल हवालदारांकडे. हवालदार म्हणाले, कचेरीने मागितली तर लगेच देतो. कचेरी म्हणाली, नक्कल जोडली की लगेच मागवतो. तीस वर्षं कोठारावर असताना नानांनी कोणालाही मागणीपत्राशिवाय एक ताव दिला नव्हता. त्याचं आता त्यांना थोडं वाईट वाटलं.

एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी कशेडी घाटात दरड कोसळली आणि ती बघायला निघालेले मोठे साहेब पोलादपुरात चहाला थांबले. नाना छत्री घेऊन त्यांच्या जीपपुढे उभे राहिले आणि एका दमात सगळं बोलले: मीठ, मुलगा, चाळीस फूट, म्हैस. साहेब दरडीमुळे आधीच त्रासलेले होते. त्यांनी विचारलं, गावात दारूगोळ्यातलं कळणारं कोणी आहे का. त्याने ही वस्तू निर्धोक आहे असं लिहून द्यावं, शिक्का काढावा, आणि हा विषय माझ्यापुढे पुन्हा येऊ नये.

गावात दारूगोळ्यातलं कळणारा एकच माणूस होता, आणि तक्रारही त्याचीच होती.

हैबतीने दोन दिवस घेतले. एक दिवस विचार करायला आणि एक दिवस पदकं घासायला. मग तो पूर्ण पोशाखात आला, सगळ्यांना तीस पावलं मागे उभं केलं, नळकांड्याला प्रदक्षिणा घातली, त्यावर कान ठेवला आणि नाना नको नको म्हणत असताना तोटी अर्धा वेढा फिरवली. फुस्स असा मोठा आवाज झाला. हवालदार मागच्या मागे सरकत शेणाच्या ढिगात बसले. राहीबाईंनी म्हशीला मिठी मारली. हैबती एकटाच जागचा हलला नाही. हलायचं कसं ते त्याला त्या क्षणी आठवलं नाही, असं त्याने पुढे कबूल केलं. त्याने तोटी बंद केली आणि कागद मागवून लिहिलं: सदर हवा तपासली. हवा आहे.

शिक्का निघाला. डब्यावर हिरवे ठिपके दिसत होते, पण थोडेच. नानांनी संच पुन्हा डोणीत बुडवला आणि या खेपेला छत्री घेऊन स्वतः शेजारी बसले. तीन दिवस बसले. म्हैस गडग्यापलीकडून त्यांच्याकडे बघत होती, ते म्हशीकडे बघत होते. चौथ्या दिवशी त्यांनी डब्याला जीभ लावून पाहिली. मीठ नव्हतं.

मग वाळवण्याचा प्रश्न आला. आषाढात पोलादपुरात काहीच वाळत नाही. धोतर वाळत नाही, सरपण वाळत नाही, भिंती वाळत नाहीत. ओटीवर टांगलं तर तिसऱ्या दिवशी नळ्यांवर पांढरी लव आली. माजघरात टांगलं तर दुसऱ्याच दिवशी आली. राहीबाई म्हणाल्या, चुलीवरच्या माळ्याला टांगा. हैबती म्हणाला, पलटणीत असतं तर माळ्याला टांगलं असतं. हवालदारसुद्धा म्हणाले, आणि त्यांना तर आता या विषयात बोलायचा काही अधिकार नव्हता.

नानांनी कागद काढला. आग नको, असं त्यावर स्पष्ट लिहिलं होतं. त्यांनी त्यावर बराच विचार केला. आग म्हणजे जाळ. माळ्यावर जाळ पोचत नाही, ऊब पोचते. आणि पावसाळ्यात ज्या वस्तूला जगायचं आहे ती आपल्याकडे माळ्यालाच जाते: बियाणं, सुकट, पापड. बनुबाई असताना नानांचे प्रॉव्हिडंट फंडाचे कागददेखील तिथेच असत, आणि त्यांना धुराचा वास सोडता काही झालं नव्हतं. रबरी नळ्यांचा मात्र धोका नको म्हणून त्यांनी त्या उचलून वाशावर घेतल्या, आणि पितळी डबा तेवढा खाली सोडायचं ठरवलं.

स्वयंपाकघर नानांना फारसं माहीत नव्हतं. तीस वर्षं मुंबईत, आणि नंतर गावी आले ते पानावर बसायला. चुलीच्या बरोबर वर जाड वाशाला मिठाची टोपली टांगलेली होती. गेल्या वर्षी आगोटीला, पावसाळ्याची बेगमी करताना, बनुबाईंनी मिठाच्या गाडीवरून ती काठोकाठ भरून घेतली होती. दोघांना, वर्षाच्या लोणच्याला आणि कुशाबा आला तर मासे खारवायला. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्यांनी अंथरूण धरलं. टोपली अजून जवळजवळ तशीच भरलेली होती. नाना आपल्यापुरतं मीठ दुकानातून पुडीने आणत. का, ते त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. राहीबाईंनी दोनदा टोपली मागितली होती. दोन्ही वेळा नानांनी आपण होऊन कळशीचा विषय काढला होता.

टोपलीखाली तीन दोऱ्यांवर एक करवंटी लोंबत होती. ती कशासाठी ते नानांना कळेना. काड्यापेटी ठेवायला असावी. पण तिच्यामुळे जागा अडत होती, आणि चांगला लोखंडी आकडा नेमका तिच्याच ठिकाणी होता. नानांनी करवंटी काढून फडताळात ठेवली, तिच्यात काड्यापेटी ठेवली आणि आकड्याला डबा टांगला.

मग त्यांनी कुशाबाला कार्ड टाकलं. सामान उत्तम स्थितीत आहे, काळजी नसावी. पंधरा दिवसांनी दुसरं टाकलं. सामान माळ्याला सुरक्षित आहे, तुझ्या ठेकेदाराला सांग की पावसाळ्यात वस्तू कशी ठेवावी हे बघायला पोलादपूरला ये. त्यांना अधूनमधून वाटे की डबा खाली घेऊन बघावा. पण कोठारात ते नेहमी सांगत, एकदा नीट रचलेल्या मालाला उगाच हात लावू नये.

नारळी पौर्णिमेला आठ दिवस असताना कुशाबा आला. हातपाय न धुता तो चुलीपाशी गेला, फळीवर चढला आणि डबा खाली घेतला. उजेडात आणून त्याने तो सगळीकडून फिरवून पाहिला.

डबा हिरवा झाला होता. ठिपके नव्हेत. जुन्या विहिरीच्या पायऱ्या हिरव्या असतात तसा, आणि वरून पांढरे खवले.

"आबा, हा समुद्रात ठेवला होतात काय?"

नानांनी हवालदारांचं नाव घेतलं. मग म्हशीचं घेतलं. मग कचेरीतल्या तिन्ही टेबलांचं घेतलं. मग म्हणाले की भरतीचं पाणी महाडपर्यंत चढतं, तिथून खारं वारं सावित्रीच्या खोऱ्यातून वर येत असेल. कुशाबाने खवला नखाने काढून जिभेला लावला. मीठच होतं. त्याने डबा तोंडाला लावून ओढून पाहिलं. काहीच आलं नाही. तो रागावला असता तर नानांना बरं वाटलं असतं. तो फक्त एवढंच म्हणाला की दुसरा संच दुसऱ्याच्या नावावर आहे, पौर्णिमेनंतर आपल्याला उतरायचंय ते ह्याच डब्यावर. आणि नाही उतरलो तर बोटींना बाहेरून रंग मारायला बसवतील.

"मग रंग मार," नाना म्हणाले. "उतरू नकोस."

तेवढ्यात राहीबाई ताकाचा तांब्या घेऊन आल्या. पोर आलंय म्हणून त्यांनी ताक आणलं होतं, पण त्यांची नजर फडताळाकडे गेली.

"ही करवंटी खाली कुनी काढली?"

नानांनी सांगितलं की ती काड्यापेटीसाठी आहे.

राहीबाईंनी नानांकडे असं पाहिलं की कंडक्टरचं पाहणं नानांना मायेचं वाटलं. "काड्यापेटी व्हय. अवं नाना, पावसाळ्यात मीठ पाझरतंय. त्येचं पानी चुलीत पडू नये म्हनून वैनीनं करवंटी टांगली व्हती. ती दोन येळा चूल पेटवायची, तवा कुठं थेंब थेंब गळायचं. तुमी एकदा पेटवता नि सांजचा थंडा भात खाता. मग धार लागंल नायतर काय."

नाना वर बघायला पुढे झाले. टोपलीच्या बुडाला एक थेंब जमत होता. तो मोठा झाला, थोडा वेळ थांबला आणि नानांच्या कपाळावर पडला. कुशाबाने बोट लावून तो चाखला आणि मान हलवली.

समुद्र इतका लांब. तो दूर ठेवण्यासाठी नानांनी म्हैस, पलटण, चौकी आणि कचेरी एवढ्यांशी झुंज दिली. आणि डबा टांगला तो स्वतःच्या हातांनी, घरातल्या एकुलत्या एक खाऱ्या झऱ्याखाली. नाना पाटावर बसले. त्यांना वाटलं, कुशाबा आता म्हणेल, वर्ष झालं, ते मीठ अजून का ठेवलंय. राहीबाई तर नक्कीच म्हणतील.

बोलल्या त्या राहीबाईच, पण दुसरं. "चिंच हाय का घरात?"

नानांनी कागद काढला. ऊन नको, आग नको, तेल नको. चिंचेबद्दल त्यावर काहीच नव्हतं.

कुशाबाने पान्याने डबा उघडला. तोंडावरचं झाकण जागेवर असल्यामुळे आतली रबरी चकती आणि झडप शाबूत होती. खारं पाणी बाहेरच्या भोकांमधून जेवढं शिरलं तेवढीच कड धरली होती, आणि स्प्रिंग हिरवी झाली होती. बनुबाईंच्या घंगाळात चिंचेचं पाणी केलं. राहीबाई बाहेरचं पितळ घासत होत्या, कुशाबा पिसाच्या टोकाने आतलं साफ करत होता, आणि नाना विहिरीचं पाणी ओढत होते. पाच वेळा गोड्या पाण्यातून काढलं. संध्याकाळी कुशाबाने डबा जोडून ओढून पाहिला. आत टक् असा आवाज झाला.

पण आवाज झाला म्हणजे भरवसा आला असं नाही. कुशाबा म्हणाला, नळकांड्यात हैबतीकाकांनी सोडून उरलेली थोडी हवा आहे. उद्या आपल्या विहिरीत उतरून बघतो. आषाढाने विहीर भरली होती, तीन पुरुष खोल पाणी होतं. नाना नको म्हणाले, तीनदा म्हणाले. मग सकाळी त्यांनी त्याच्या कमरेला स्वतः दोर बांधला, आणि गाठीवर गाठ अशी बांधली की ती सोडवायला पुढे कोयता लागला.

विहिरीवर सगळी वाडी जमली. हवालदार आले, पण त्यांनी कागद आणला नव्हता. कुशाबा तोंडात नळी धरून उतरला. डावा पाय म्हशीने खाल्लेला, म्हणून थोडा तिरपा उतरला. पाणी वरून मिटलं. हैबती खड्या आवाजात आकडे मोजू लागला. बुडबुडे येत होते. नानांनी दोर हाताला दोन वेढे घालून धरला होता आणि ते बुडबुड्यांकडे बघत होते. प्रत्येक बुडबुडा फुटला की त्यांचा श्वास सुटे आणि पुढचा येईपर्यंत परत अडके. शंभरावर बुडबुडे विहिरीच्या दुसऱ्या कडेला, कपारीखाली गेले. दीडशेवर दिसेनासे झाले.

"ओढू का?" नानांनी विचारलं. हैबतीने मोजणं थांबवलं.

नानांनी ओढलं. खालून दोराला दोन हिसके बसले, कोणी वैतागून हात झटकावा तसे. मग कपारीखालून मोठा फेसाळ बुडबुडा आला, त्यामागून दुसरा, आणि त्यामागून कुशाबाचं डोकं आलं. त्याने नळी काढली आणि कपारीतून आणलेलं काहीतरी काठावर ठेवलं.

ती तांब्याची कळशी होती. काळी पडलेली, आत गाळ, आणि गळ्याला कुजलेल्या दोराचा तुकडा.

राहीबाई पुढे आल्या. कळशी उलटीसुलटी करून पाहिली. बुडाचा ओळखीचा पोचा पाहिला. नानांच्या तोंडात सहा वर्षांचं उत्तर तयार होतं, शब्दन् शब्द. पण ते ऐकायला हवं होतं ती तिथे नव्हती, म्हणून त्यांनी ते गिळलं.

"दोर तुटला असंल," राहीबाई म्हणाल्या. त्यांनी कळशी घरी नेली नाही. घंगाळातल्या उरलेल्या चिंचेने तिथेच घासली, लखलखीत केली, विहिरीचं पाणी भरलं आणि नानांच्या चुलीशेजारी नेऊन ठेवली. करवंटीही परत टांगली. त्या संध्याकाळी नानांनी दुसऱ्यांदा चूल पेटवली.

जायच्या दिवशी कुशाबा संच बांधत होता. नाना शेजारी उभे राहून देखरेख करत होते. गोणपाट कोरडं आहे का, झाकण लागलं आहे का. तेवढ्यात त्यांना दिसलं की कुशाबाने माळ्यावरच्या टोपलीतून दोन मुठी मीठ काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि ती पुडी मुखवट्याच्या शेजारी खोचली.

नानांना शब्द सापडेनात. सापडले ते एकदम सगळे सापडले. तीन महिने या वस्तूपासून मीठ लांब ठेवण्यासाठी मी काय काय केलं. मला या तालुक्यात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. आणि तू आता तुझ्या हाताने मीठ घालून नेतोस.

"आईनं भरलेलं हाय," कुशाबा म्हणाला. "पाण्याच्या वर, भाकरीबरोबर खाईन."

नानांनी हात पुढे करून पुडी मागितली. तिच्याकडे पाहिलं. घडी वाईट होती. पेणपर्यंत जायच्या आत पाझरली असती. ते आत गेले, ट्रंकेतून कोठारातले जाड तपकिरी कागद काढून आणले आणि खाली बसून, रीम बांधतात तशी, चार पदरांची पुडी बांधली. कडा आत मुडपल्या, सुतळीचे उभे-आडवे वेढे दिले आणि वजन हातात तोलून पाहिलं. तीस पावसाळ्यांत या घडीतून आत ओल गेली नव्हती. आतली बाहेर येणंही कठीण होतं. तरीही त्यांनी पुडी गोणपाटात ठेवू दिली नाही. कुशाबाच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं. मग पुन्हा घरात जाऊन दुसरी, मोठी पुडी बांधून आणली.

स्टँडवर नेमका तोच कंडक्टर होता. त्याने गाठोडं ओळखलं, कुशाबाला ओळखलं, आणि नानांच्या काखेतल्या पुडीकडे बोट केलं.

"आता ह्यात काय हाय?"

तीन महिन्यांत नानांनी या प्रश्नाची उत्तरं हवालदारांना, तीन टेबलांना आणि एका साहेबांना दिली होती, आणि एकदाही कोणाचं समाधान झालं नव्हतं.

"मीठ," नाना म्हणाले.

"मग द्या की वर," कंडक्टर म्हणाला आणि घंटीची दोरी ओढली.